हनीफची मिसरी

हे आजवर मी एकाच माणसाला सांगितलंय, आणि त्यालाही चार वर्षं उशिरा. रेसच्या दोस्तांना माहीत नाही. बायकोला अर्धंच ठाऊक आहे. तुम्हाला सांगतोय खरं — पण जरा दमानं घ्या. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही.

नांदुऱ्यात माझं पंप-पाइपाचं दुकान आहे. वर्षातून चार-पाच वेळा मी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. शंकू मांडलेले असतात, त्यांच्या मधून वाकडीतिकडी गाडी काढायची, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. पोटासाठी नाही हो, हौस. त्यामुळे गावात मला रेसर म्हणतात आणि सगळ्यांना वाटतं की हा रस्त्यावरही उडतच असणार. कशाचं काय! कापसाच्या गाडीमागं मी रेल्वे फाटकापासून बाजारापर्यंत हॉर्न न वाजवता जातो. बायकोची स्कुटी मला मागं टाकते. ट्रॅक सोडला तर दोनच नाद आहेत मला. एक म्हणजे गोवऱ्यांवर रोडगे भाजून सगळ्या टीमला खाऊ घालणं, सोबत वांग्याची भाजी अशी की पुण्याची पोरं नाक पुसत पुसत परत मागतात. आणि दुसरा नाद, कबुतरं.

कबुतरांपाशी आलोच आहे तर... नाही, आधी दुसरं सांगतो. एका रेसमध्ये शेवटच्या वळणावर माझं मागचं चाक शंकूला लागलं. धुळीत कोणाला दिसलं नाही. मी उतरलो आणि स्वतः जाऊन पंचाला सांगितलं. दंडाचे सेकंद पडले, कप हातचा गेला. पण नांदुऱ्यात काय कौतुक झालं म्हणता! चहाच्या टपरीवर हार घातला, फोटो काढले, ‘याले म्हणतात खरा माणूस’ असं जो तो म्हणाला. तो हार गळ्यात घेऊन मी घरी आलो, छतावर गेलो, आणि जाळीमागच्या पक्ष्याकडं बघवेना म्हणून तसाच खाली उतरलो.

तो पक्षी माझा नव्हता. हनीफचा होता.

हनीफ माझा शाळेपासूनचा दोस्त. फाटकापलीकडं जीपगाड्यांचे सीटकव्हर शिवतो. माझ्या रेसच्या गाडीचं सीट त्यानंच बांधलं, माझ्या पाठीला टेप लावून. कबुतराचा नादही त्यानंच लावला. त्याच्याकडं मिसरी नावाची मादी होती — पांढरीशुभ्र, एका खांद्यावर तपकिरी डाग. पिलू असताना आईबापानं घरट्याबाहेर ढकललं होतं तिला. हनीफनं भिजवलेला हरभरा स्वतः चावून, तोंडानं तिच्या चोचीत घालून जगवलं. त्याची बायको म्हणायची, दोन पोरी आहेतच, ही तिसरी. आणि उडायची तर अशी, की मान दुखून यायची बघणाऱ्याची! मी एकदा मागितली होती. तो हसला, ‘लेक मागून राह्यला काय बे?’

आमच्या कबुतरवाल्यांत एक रीत आहे. अनोळखी माणसाचं पाखरू छतावर उतरलं तर धरणाऱ्याचं. पण दोस्ताचं उतरलं, तर त्याच दिवशी नेऊन द्यायचं. यात विचार करण्यासारखं काही नसतं.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी मोठं वावधान, धुळीचं वादळ सुटलं, आणि मिसरी माझ्या छतावर येऊन पडली. चोच उघडी, पंख लोंबलेले. मी पाणी दाखवलं. ती प्याली, हातावर आली. संध्याकाळी नेऊन देऊ, असं मनात होतं — होतं का खरंच? मग मी दोरा घेऊन तिचे पंख का बांधले? कशाला फसवू तुम्हाला. मला ती हवी होती. जे हनीफकडं आहे आणि माझ्याकडं नाही, ते हवं होतं.

दिवस मावळताना हनीफ धापा टाकत गल्लीत आला. खालूनच ओरडला, ‘मिसरी दिसली काय बे?’ मी वरून म्हणालो, नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही थांबलो. म्हणालो, ‘लाइनीवर ससाणा फिरत होता. त्यानं नेली असंल.’

ससाणा नव्हता. मी बनवला तो, उभ्या उभ्या.

आणि एवढं करून, दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत रेल्वेलाइनीच्या कडेनं तिची पिसं शोधत फिरलो. तो वाकून वाकून बघत होता, मीही वाकत होतो. माणूस इतका हलकट असू शकतो? असू शकतो, मला माहीत आहे. तो म्हणाला, ‘अशा हवेत काऊन सोडली मी? माह्या हातानं मारली मी तिले.’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फक्त हात ठेवला.

त्यानं सगळी कबुतरं विकली, खुराडी मोडली. कबुतर नजरेला नको म्हणून माझ्या छतावर यायचंही सोडलं, आणि मला तेच सोयीचं पडलं. मिसरीची मी जोडी लावली, तिनं पिलं काढली, माझं छत तिचं घर झालं. हनीफ दुकानात असेल तेव्हाच, दुपारची तेवढी सोडायचो तिला. कोणी विचारलं तर अकोल्याहून आणली म्हणायचो.

यंदा दिवाळीनंतर सीट नव्यानं शिवायला त्याच्याकडं गेलो. पाठीला टेप लावता लावता तो म्हणाला, ‘तुह्या त्या शंकूची गोष्ट मी पोरींले सांगत असतो. म्हणतो, असं वागा.’

मी तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, घरी पळालो. रात्रभर तळमळलो, आणि सकाळी टोपलीत मिसरीला घालून त्याच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं — दोरा, ससाणा, पिसं शोधणं. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं तिला हातात घेतलं, खांद्यावरच्या डागावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, ‘पंख बांधले होते?’ मी हो म्हणालो. ‘मी नाही बांधणार,’ तो म्हणाला. ‘जाय आता.’

पंख मोकळे, मग काय होणार? संध्याकाळी मिसरी माझ्याच छतावर! तिला काय कळतं दोघांत काय झालं ते. मी टोपली घेतली, फाटक ओलांडलं, तिला देऊन आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याही दिवशी तेच. हनीफ दार उघडायचा, पक्षी घ्यायचा, दार लावायचा. बायको म्हणाली, वेड लागलं का तुम्हाला? मी म्हटलं, हनीफची आहे, द्यावीच लागते. असे किती दिवस गेले, मोजले नाहीत.

मग एकदा त्याच्या अंगणात नवं खुराडं दिसलं. त्यानं खामगावच्या बाजारातून नर आणला होता. मिसरीचा माझ्याकडचा नर मागच्या उन्हाळ्यातच मेला होता. पुढं एकदा दार उघडायला वेळ लागला, तर मी पायरीवर बसलो. त्यानं ऊठ म्हटलं नाही. धाकट्या पोरीनं पाणी आणून दिलं.

आणि परवा संध्याकाळी मिसरी आलीच नाही. मी छतावर उभा, डोळ्यांवर हात धरून. काळजी वाटली, मग एकदम उमगलं — तिनं तिकडं अंडी घातली असणार, ती आता अंड्यांवरून उठणार नाही. तिचं घर तिचं तिला सापडलं होतं. मला इतका आनंद झाला, खरंच. आणि लगेच ध्यानात आलं. आता हनीफच्या दारात जायला मला काही कारणच उरलं नव्हतं. टोपली कोपऱ्यात ठेवली आणि खाली येऊन बसून राहिलो.

फोन वाजला, हनीफचा. चार वर्षांपूर्वीचं आणि त्यानंतरचं, कशाबद्दलच तो बोलला नाही. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, ‘आज काऊन नाही आला बे?’

मी चप्पल घातली आणि रिकाम्या हातानं फाटकाकडं निघालो.