डाव्या हाताची रेघ

जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणारी समिती दुसऱ्या मजल्यावर बसायची आणि तिच्या मागच्या जिन्याखाली टाइपवाला. खोली कसली, कपाटच म्हणा. एक संगणक, एक प्रिंटर, एक खुर्ची, आणि गिऱ्हाईक आत आलं की टाइपवाल्याने पोट आत ओढायचं. कोण खरा नि कोण खोटा हे वर ठरे. खाली हा माणूस बावीस वर्षं त्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं नि वंशावळी टाइप करत होता. कुणाच्या पणजोबाच्या नावात काना राहिला तर स्वतःच्या कागदावर पुन्हा छापून देई. वरचे साहेबलोकसुद्धा म्हणत, कागद टाइपवाल्याचा असेल तर डोळे मिटून वाचावा.

तो स्वतः त्याच जमातीतला, पण दाखला कधी काढला नाही. "मी कोण ते मला ठाऊक आहे, शिक्का कशाला?" म्हणायचा. ही ऐट पुढे त्याच्याच लेकीला नडली.

सुरुवात चांगल्या मनाने झाली, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. दवाखान्यात आयाचं काम करणारी एक विधवा बाई वरून रडतच खाली आली. नोकरी टिकवायला दाखला तपासून हवा, आणि वर विचारतात, तुमच्यात मूल झालं की काय करता, माणूस गेलं की काय करता, नव्या घरात कसं शिरता. बाईची भीतीने दातखीळ बसली. साहेबांनी पुढची तारीख दिली. टाइपवाल्याने आपल्या आईकडे जे पाहिलं होतं ते आठवून दोन पानं टाइप केली आणि बाईच्या हातात ठेवली. "हे घरी ने. तुझं तुला आठवेल." पुढच्या तारखेला बाईचं काम झालं. टाइपवाल्याला वाटलं, देवाने आपल्या हातून एक बरं काम करून घेतलं.

पण संगणकात ठेवलेलं पुसायला कुणाला सुचतं? प्रिंटरच्या तोंडाशी राहिलेली जादा प्रत प्रोफेसरने उचलली. प्रोफेसर म्हणजे आवारात घुटमळणारा दलाल. दहावीला तीनदा बसून उठलेला, पण काखेत चामडी बॅग, म्हणून प्रोफेसर.

"टाइपवाले, हे असलं घबाड घेऊन तुम्ही जिन्याखाली बसता?"

"ते आमच्या लोकांसाठी आहे."

"मग माझी माणसं कुठली? दाखल्यावर तेच नाव आहे की. तपासायला वर समिती बसलीय, तुम्ही कशाला तसदी घेता?"

पहिल्यांदा नको म्हणाला. दुसऱ्यांदा गप्प बसला. तिसऱ्यांदा प्रिंटर सुरू केला. शेण खायला एवढंच लागतं.

मग ती माणसं यायला लागली. अत्तर मारलेली, बोटांत खडे घातलेली, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी त्या जमातीच्या वस्तीवर पाणी प्यायलं नसेल ती. जिन्यावर उभी राहून पाठ करायची. "गेलेल्याच्या उशाशी दगड किती रे, तीन का पाच?" एक ठेकेदार आपल्या भावाला विचारे, आणि दोघं खिदळत. टाइपवाल्याच्या आईच्या उशाशी त्याने स्वतः पाच दगड मांडले होते. पण तो कागद कापून, कडा जुळवून, टाचणी मारून द्यायचा. घरी आला की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. बायकोला वाटे, शाई लागली असेल.

पुढे थोरलीला दातांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली. अट एकच, महिनाअखेर पडताळणीचा कागद आणा, नाहीतर जागा गेली. आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे जुनी नोंद कुठलीच नाही. सगळं वरच्या प्रश्नांवर आलं.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना काहीतरी वाचायला देता म्हणे," ती म्हणाली.

"तुला कशाला? तू आजीच्या मांडीवर वाढलीस."

वर एक मॅडम नि दोन सदस्य होते. मुलीने न अडखळता सांगितलं. नव्या घरात शिरताना उंबऱ्यावर राखेची रेघ ओढतो. डाव्या हाताने.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "डाव्याच का?"

"आजी तशीच ओढायची."

मॅडम शेजारच्या सदस्याकडे बघून हसल्या. मुलीला वाटलं, आवडलं.

आठ दिवसांनी निकाल आला. दावा अमान्य. कारण असं की अर्जदाराची उत्तरं आवारात फिरणाऱ्या पत्रकाशी शब्दशः जुळतात. विशेषतः 'डाव्या हाताने' ही गोष्ट जमातीत कुठेही आढळत नाही, ती फक्त पढवून आणलेले लोक सांगतात.

टाइपवाल्याने ते उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसला. त्याची आई डावरी होती. जेवायची डाव्या हाताने, शिवायची डाव्या हाताने, रपाटा घालायची तोही डाव्याने. जमातीत कुणी हात बघत नाही. याने लहानपणी जे पाहिलं तोच नियम समजला आणि काना-मात्रा न चुकवता टाइप केला.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायको देवघरासमोर वाती वळत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे सासूबाईंना तुम्ही त्या मेल्यांच्या तोंडी दिलंत," ती म्हणाली. "हयात असत्या तर थुंकल्या असत्या."

मुलगी रडली नाही. म्हणाली, "आजीने शिकवलं मला, विकलं तुम्ही. आता तुम्हीच वर जाऊन सांगा."

त्यांच्या वकिलाने कोर्टात धाव घेतली. कोर्टाने फाइल समितीकडे परत धाडली. पत्रक आपणच आपल्या आईचं पाहून लिहिलं हे बापाचं म्हणणं तपासा, तीन आठवड्यांत ठरवा, तोवर जागा राखून ठेवा. मॅडमनी टाइपवाल्याला समोर उभं केलं. इतकी वर्षं चहाला बोलवणाऱ्या त्या बाईने खुर्चीही दाखवली नाही.

"पत्रक माझंच, असं उद्या कुठलाही बाप म्हणेल. कुणाकुणाला दिलंत? नावं द्या. आणि गुन्हा तुमच्यावरही पडेल, हे समजून द्या."

संध्याकाळी प्रोफेसर घरी हजर. चपला न काढता आत आला.

"टाइपवाले, वेडेपणा करू नका. एका पोरीसाठी चाळीस घरं बुडवणार? आणि पहिलं नाव कुणाचं, आठवतंय? त्या आयाबाईचं. ती तर तुमचीच, खरी. तिचीही चौकशी लावणार?"

हे मात्र वर्मी लागलं. रात्रभर तळमळण्यापेक्षा तो उठून तसाच त्या बाईच्या खोलीवर गेला. ती नुकती कामावरून येऊन पाय चोळत बसली होती. त्याने मान खाली घालून सगळं ओकलं.

बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, मला वाचता कुठं येतं?"

"मग तू वर काय सांगितलंस?"

"त्या दिवशी घाबरले नव्हते, एवढंच. आमच्यात होतं ते सांगितलं. हात कुठला ते कुणी विचारलंही नाही. तुम्ही एवढ्या मायेने दिलेलं परत कसं करायचं, म्हणून घेऊन गेले."

इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की पत्रकाने निदान एका खऱ्या माणसाचं तरी भलं झालं. तेही खोटंच निघालं.

"घाला माझं नाव," बाई म्हणाली. "मी येऊन सांगते. तुमच्या तोंडाकडे बघून नाही हं, पोरीच्या शिक्षणासाठी."

घरी आल्यावर मुलगी लिहायला बसली आणि तो आठवून सांगू लागला. ठेकेदार, त्याचा भाऊ, तहसीलदाराची मेहुणी. प्रत्येक नावाला तो थांबे, कारण प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाचं जिन्यावरचं हसणं आठवे. "पुढे," मुलगी म्हणे. मान वर करून तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. अडतीस नावं झाली.

समितीने यादी घेतली, बाईची साक्ष घेतली. आजी डावरी होती हे वस्तीवरच्या तीन म्हाताऱ्यांनी सांगितलं. विसाव्या दिवशी मुलीचा दावा मान्य झाला. टाइपवाल्याच्या खोलीला सील लागलं, त्याच्यावर गुन्हा नोंदला. अडतीस जणांना नोटिसा गेल्या. त्यातल्या निम्म्यांनी लगेच स्थगिती आणली आणि ते कामावर तसेच जात राहिले.

मुलगी कागद घ्यायला एकटीच गेली. बाप येतो म्हणाला होता, ती नको म्हणाली. कागद छातीशी धरून ती मागच्या जिन्याने उतरत होती, तर मधल्या वळणावर अत्तराचा वास आला. एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस भिंतीकडे तोंड करून नवंकोरं पत्रक पाठ करत होता. खालच्या पायरीवर प्रोफेसर पेन घेऊन बसला होता.

"हं, नव्या घरात शिरताना?"

"राखेची रेघ. डाव्या..."

"डाव्या नाही हो. मागचं विसरा. कोणत्याही हाताने. समितीनेच निकालात तसं लिहून दिलंय आता."

प्रोफेसरने तिला पाहिलं आणि बॅग उचलून वाट करून दिली. "या ताई. अभिनंदन हं."

तिने नाकाला ओढणी लावली आणि खाली उतरली.