ब्रिगेडियरसाहेबांचा अर्ज

ब्रिगेडियर मधुकरराव निवृत्त होऊन गावी परतले आणि पहिल्यांदा माझ्या घरी आले ते चहाला नव्हे, अर्ज तपासून घ्यायला. मी त्यांचा शेजारी, डहाणूच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला कारकून. त्यांच्या हाताखालून हजारो माणसं गेलेली. तरी माझ्या ओटीवर ताठ बसून म्हणाले, "मराठी शुद्ध आहे का बघा. चाळीस वर्षांत लिहिलं नाही."

समुद्रात भराव टाकून बंदर होणार म्हणून आमचं वरोर गाव चौकात धरणं धरून बसलं होतं, आणि साहेबांना त्यात बसायची परवानगी हवी होती. कुणाची, तर आपल्या जुन्या रेजिमेंटची. मला हसू आवरेना. म्हटलं, "साहेब, रिटायर्ड माणसाला कुणाची परवानगी लागते?"

"लागत नाही, हे लेखी आहे का?"

हे त्यांचं ठरलेलं. त्यांच्या बागेतल्या बाया म्हणाल्या, चिकू अजून उतरवायला आले नाहीत, तरी साहेब विचारायचे, लेखी आहे का. बाया पदराआड हसायच्या.

अर्ज गेला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून साहेब ओटीवर पोस्टमनची वाट बघत बसायचे. उत्तर येणार नव्हतं. असल्या कागदाला काय उत्तर द्यायचं हे कुठल्याच टेबलावर कुणाला सुचत नाही. माझा जन्म त्यातच गेला. गावात मात्र कुजबुज सुरू झाली की सरकारचा माणूस तो, आपल्यात कशाला बसेल. मला ते फार लागायचं.

मोर्चा डहाणूला निघाला त्या दिवशी सगळं गाव त्यांच्या फाटकावरून गेलं. पुढे हिराबाई. ती मासे विकते; शाळेत साहेबांच्या वर्गात होती, आणि त्यांना एकेरी हाक मारणारी ती एकटीच उरली होती. थांबून म्हणाली, "मधू, येतोस ना रे?"

साहेब फाटकापर्यंत आले. कडीला हात लावला. मला वाटलं, निघाला बुवा माणूस.

"उत्तर आलं नाही अजून," ते म्हणाले.

हिराबाई पुढे गेली. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत यांचा हात कडीवरच होता.

मी चिडलो होतो. संध्याकाळी जाऊन स्पष्टच विचारलं, "भीती कसली वाटते तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "नोकरीत मी एक गाव उठवलंय. फायरिंग रेंजसाठी. हुकूम होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, साहेब, तुमचं गाव असतं तर? मी म्हटलं, तरी उठवलं असतं." मग माझ्याकडे न बघता, "आता आपल्या गावासाठी बसलो तर त्या म्हाताऱ्याला काय सांगू? परवानगी आली असती तर निदान तेवढा आडोसा मिळाला असता."

 चार महिन्यांनी साहेब गेले, झोपेतच. तिरंगा, बिगुल, सगळं रीतसर झालं. गाव आलं, पण लांब उभं राहिलं. ते बघून मला राहवलं नाही. किनाऱ्यावरच्या स्मशानातून परतताना मी हिराबाईला त्या उठवलेल्या गावाची सगळी हकीकत सांगितली.

ती वाळूत थांबली. "एवढंच होतं?" म्हणाली. "मग येऊन तेच सांगायचं ना आमाला. आमी सरकून जागा केली असती."