आबांना समुद्राकाठी आणलं त्याबद्दल

अक्का, मी चोपड्याहून निघाले त्या दिवशी गाडी जुंपली तरी आबा वावरातून आले नाहीत. लाल रंगाच्या मुळांसाठी लावलेल्या आलीचा शेवटचा वाफा खणत होते. कमरेएवढ्या खड्ड्यातून त्यांनी नुसता हात हलवला.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, आबांना सोडून निघणं जिवावर आलं होतं. पण सासरीही रंगाचंच काम, आणि बाजारात डब्यातला लाल रंग आल्यापासून दोन्हीकडच्या भट्ट्या थंड. "तो डबाना रंग शे, आपला नही," एवढंच आबा म्हणत. ह्यांनी उरणला मिठागरात मजुरी धरली.

इथे खाऱ्या पाण्यानं माझे पाय फुटले, घोटा सुजला. शेजारच्या आगरणीनं कसलासा पाला शेकून बांधला. "बारतोंडी हाय गो. बांध नि गप बस." दुसऱ्या दिवशी ते झुडूप बघायला गेले. वाळूत डोक्याहून उंच वाढलेलं, गाठाळ फळं लागलेलं. मूळ खरवडलं तर पिवळं. खायच्या पानाचा चुना त्यावर चोळला तर लाल! अक्का, ती आपली आल होती. आपण तीन वर्षांत खणून काढायचो, म्हणून एवढी वाढलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

मी लगेच आबांना लिहिलं, या, इथे हवी तेवढी आल आहे.

ते आले. कापड तेला-खारात मुरवलं, तुरटी दिली, आठवडाभर मुळं कुटून उकळली. कापड मळकट पिवळं निघालं. आगरणी हसल्या, "बाबा, कापडाला कावील झाली काय?"

जुन्या झाडाच्या जाड मुळात कापड रंगेल एवढा रंग उरत नाही, हे आबांनी मला तेव्हा सांगितलं. झाडाची उंची पत्रात वाचली तेव्हाच त्यांना कळलं होतं.

"मग आलात कशाला?"

"तुनी बलावं, म्हनीसन उनू."

पुढे त्यांना इथली बोली कळेना, मासळीचा वास सोसेना. दिवसभर बांधावर बसत. ताप आला तेव्हा तोच पाला छातीला बांधला. उतार पडला नाही. वाळूतच जाळले. अस्थी तापीला नेणं जमलं नाही.

रिकाम्या हातांनी का होईना, आपल्या गावात जगले असते, असं तू लिहिलंस. खरं आहे.

माझं घर आता इथंच. पोरं आगरी बोलतात. एकदा येऊन जाऊ का, असं तू विचारतेस. तुला पाहायचं फार मनात आहे. पण ये म्हणून लिहायला हात धजत नाही.