काकांनी बसवलेला पंप

अड्याळला आमच्या शेजारी राहणारे भाऊराव काका कोणाच्या डिझेल गाडीचा पंप बसवून देत, तेव्हा त्या गाडीला एकटं जाऊ देत नसत. स्वतः चालकाशेजारी बसून लांबवर जात आणि भर उन्हात पायी परत येत. बाहेरगावचं गिऱ्हाईक हसे. गावातलं कोणी हसत नसे.

पूर्वी ते असे नव्हते. चिंधीला हात पुसत म्हणायचे, "जा बिनधास्त. माह्या हातचं काम हाय."

एका मे महिन्यात शेवंताकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सकाळपासून श्वास पुरेना. काकांनी आपली जुनी जीप काढली. मागे मी काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले. भंडाऱ्याच्या वाटेवर, दोन्हीकडे धानाच्या नुसत्या कोरड्या बांध्या, तिथे जीप आचके देऊन बंद पडली. फोन केला तर रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणारा पंप काकांनी आदल्याच दिवशी नवा बसवला होता. तो खोलला आणि ते थिजले. पंपाची दांडी इंजिनातल्या फिरत्या कॅमवर टेकायला हवी. बसवताना ती बाजूला सरकली होती आणि आता मोडली होती.

"मीच चुकीची बसवलो," ते म्हणाले.

मग वेड्यासारखे कामाला लागले. डिझेलचा डबा टपाला बांधला, नळी थेट फिल्टरला जोडली, म्हणजे पंपाशिवाय डिझेल आपसूक खाली उतरेल. पण आत हवा शिरलेली. नट सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, सेल्फ मारायचा. इंजिन घेईना, की पुन्हा नट. तापलेल्या लोखंडानं बोटं सोलली. काकू धापा टाकत मला म्हणाल्या, "त्यायले म्हण, डोक्यावर दुपट्टा घ्या. ऊन लागन." मी ओरडून सांगितलं. सेल्फच्या घरघरीत त्यांना काकूंचे हलते ओठ तेवढे दिसले, शब्द ऐकू गेले नाहीत.

शेवटी जीप सुरू झाली. आम्ही पोहोचलो. संध्याकाळी काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, लवकर आणूनही उपयोग नव्हता. काकांनी ते ऐकून घेतलं. मानलं मात्र कधीच नाही. जीप पुन्हा काढली नाही. लोकांची कामं करत राहिले, पण हातावरचा भरवसा उडाला होता. म्हणून ते गाड्यांसोबत जायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात तेही गेले. अंथरुणाला खिळले होते तेव्हा एका दुपारी मी पेज घेऊन गेले. पेज बाजूला सारून म्हणाले, "पोरी, त्या दिवशी ती मागं काहीतरी बोलून राहिली होती. माह्याकडं पाहून. काय म्हणत होती?"

काकू आपल्याला दोष देत गेल्या, असंच त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी काकूंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 

"मंग तवाच काहून नाही सांगतलीस मले?"

"राहून गेलं, काका," तेव्हा ओरडून सांगितलं होतं हे गिळून मी म्हणाले.