शोभाला समोरून बघताना

शोभा गेल्याचं तिच्या मुलाने, नितीनने, फोनवर सांगितलं आणि मग विचारलं, "काकू, आईचा समोरून काढलेला फोटो आहे तुमच्याकडे?" घरच्या फोटोंत तसा एकही नव्हता. अगदी लग्नातही फोटोवाल्याने तिला एका बाजूला वळवून बसवलं होतं.

चारकोपच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, मी हिशेब बघायचे. डब्याच्या वेळी तिच्याजवळ कुणी बसत नसे. उजवा गाल जवळजवळ नव्हताच, तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. मी शेजारी बसले, त्या पहिल्या दिवशी तीच म्हणाली, "याची लागण होत नाही गं, जेव." मराठवाड्यातल्या गावी लहानपणी गोवर झाला, घरात खायचे वांधे... हिरडी सुजली आणि बघता बघता गाल काळा पडून गळाला. गावाने देवीचा कोप ठरवला, तिनेही तोच धरून ठेवला. चाळिशी उलटल्यावर बोरिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरने सांगितलं, याला नोमा म्हणतात. उपाशी, अशक्त पोरांना होतो, बरीचशी दगावतात. सुरुवातीलाच साधं औषध आणि पोटभर खाणं मिळालं असतं तर थांबला असता. त्या दिवशी ती भयंकर चिडली होती. "म्हणजे भाकरी कमी पडली म्हणून! आणि मी कोप कोप करत बसले." त्यानंतर मी फोनवर फोटो काढताना ती वळेनाशी झाली. दिसू दे, म्हणायची, विचारलं कुणी तर सांगता तरी येईल.

पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, दहिसरला गेले. माझ्याच फोनमधला फोटो फ्रेममध्ये होता, पण स्टुडिओवाल्याने दोन्ही गाल सारखे करून दिले होते. नितीनला तो आवडला होता. मला राग आला, पण दुःखाच्या घरी काय बोलणार... शोभाचे यजमान भीमराव फुलं घेऊन आले आणि फोटोसमोर थबकले.

"ही कोण रे?"

"बाबा, आईच आहे. फोटो नीट करून घेतलाय."

"नीटच होती ती," भीमराव म्हणाले आणि फुलं खाली ठेवली.

मला तेव्हा रडू आलं, आधी आलं नव्हतं.

मागच्या रविवारी गेले तर भिंतीवर मूळचा फोटो होता. शेजारची सून कडेवर मुलगी घेऊन आली होती. आजींच्या गालाला काय झालं होतं, असं तिने चाचरत विचारलं. भीमरावांनी गोवरापासून सगळं सांगितलं, घाई न करता. मग चष्मा लावला आणि त्या पोरीचा ओठ अंगठ्याने हलकेच वर करून हिरड्या बघितल्या.