सोरेगोलच्या म्हाताऱ्यांचं रक्त

योनसुकच्या हातून सुई टोचून घ्यायला कोरियातल्या सोरेगोल गावच्या म्हाताऱ्या रांगेत भांडायच्या. आरोग्य केंद्रात रक्त काढणारे आणखी दोघं होते, पण "ती पोरगी टोचते तेव्हा कळतसुद्धा नाही," असं या बायांचं म्हणणं. पोरगी सत्तावन्न वर्षांची होती. सव्वीस वर्षं हेच काम करत होती, आणि आपल्याइतकं चोख काम अख्ख्या प्रांतात कुणी करत नाही हे ती स्वतःच सांगायची. आता खोटं कशाला बोला, ते खरंच होतं.

त्या हिवाळ्यात राजधानी सोलहून नाम नावाचा डॉक्टर आला. चौतिशीचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कुणाला विसरू न देणारा. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या रक्तातून एकमेकींना निरोप धाडतात: इथे धावा, तिथे सूज आणा, आता पुरे करा. हे निरोप वयाबरोबर कसे बदलतात ते त्याला मोजायचं होतं, विशीपासून नव्वदीपर्यंत. त्यासाठी योनसुकने गावातल्या बायकांचं रक्त काढलं, नळ्या थंड पेटीत भरल्या आणि गाडीने त्याच्याकडे नेल्या. म्हातारपणी काही आजार नसला तरी सुजेचे निरोप थोडे वाढलेले असतात. थोडे! सोरेगोलच्या बारा म्हाताऱ्यांचे आकडे मात्र पार छपराला टेकले होते.

"नळ्या गाडीत तापल्या असणार, बाई," डॉक्टर म्हणाला. "या गावाचं सगळं रक्त बाद करावं लागेल. आणि कारण अहवालात लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे."

योनसुकची नेमणूक दरवर्षी डिसेंबरात नव्याने होई. तो अहवाल वर गेला की नेमणूक गेली, हे तर होतंच. पण त्याहून जास्त झोंबलं ते नाव जाणं.

"गाडीत तापल्या म्हणता? मग चाळिशीतल्या बायकांच्या नळ्या का नाही तापल्या? पेटी एकच होती."

"म्हाताऱ्यांच्या नळ्या जास्त वेळ पडून राहिल्या असतील."

"त्या सगळ्यांत शेवटी आल्या, डॉक्टर. त्यांच्याच नळ्या सगळ्यांत ताज्या. मला चार दिवस द्या. चूक माझी निघाली तर अहवाल मीच लिहून देते, तुमच्याहून चांगल्या अक्षरात."

डॉक्टरने चार दिवस दिले. बहुधा तिला गप्प करायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गावच्या ज्येष्ठांच्या हॉलमध्ये गेली. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून बारा जणी पत्ते कुटत होत्या. त्यांत तिची थोरली बहीण जोमरेही होती, चौऱ्याहत्तर वर्षांची. आई गेली तेव्हा योनसुक पाच वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत धाडून वाढवलं ते या ताईनेच.

"काय ग, आमचं रक्त नासलं म्हणे?" एकीने विचारलं.

"नासायला ते काय दूध आहे?" जोमरेताई म्हणाली. "त्या डॉक्टरचंच डोकं नासलं असेल."

"थट्टा पुरे," योनसुक म्हणाली. "रक्त दिलंत त्याच्या आदल्या दिवशी काय केलंत ते सांगा."

"काही नाही."

"फॉर्मवरही तुम्ही तेच सांगितलंत. कष्टाचं काम केलं का? नाही. बाराच्या बारा जणी नाही!"

"मग, केलंच नव्हतं. बसून होतो. किमची घातली तेवढी."

योनसुकने कपाळावर हात मारला. किमची म्हणजे अख्ख्या हिवाळ्याचं कोबीचं तिखट लोणचं. "किती कोबी?"

"सहाशे असतील. पहाटे पाचला बसलो, दिवेलागणीला उठलो."

"आणि चाळिशीतल्या तुमच्या सुना?"

"कामावरून संध्याकाळी आल्या, उकडलेलं डुकराचं मटण हाणलं, डबे उचलले, गेल्या."

आता तिला सगळं आठवलं. नखांत रुतलेलं लाल तिखट, वर न होणारे खांदे, पाय ओढत उशिरा आलेल्या म्हाताऱ्या. बारा तास उकिडवं बसून सहाशे कोबी भरले की स्नायू बोंबलणारच, आणि रक्तात सुजेचे निरोप धावणारच. सुनांच्या रक्तात कशाला धावतील? तिनेच फॉर्म भरले होते, तिनेच नखं पाहिली होती, आणि विचारलं नव्हतं. एवढी चूक तिने मनातल्या मनात कबूल केली, तीही कुरकुरत.

डॉक्टरने ऐकलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं." त्या एका वाक्यावर योनसुकने त्याला माफ करून टाकलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. अट एकच, आधीचे तीन दिवस कुणी कामाला हात लावायचा नाही. योनसुक रजा टाकून हॉलमध्ये राखणीला बसली. कुणी हिवाळ्यासाठी मुळे मातीत पुरायला पळे, कुणी लसूण सोलायला बसे. ती एकेकीला हाताला धरून परत आणी. जोमरेताईला मात्र एकदाही दटावावं लागलं नाही. ती भिंतीशी कुशीवर पडून राहिली.

आकडे आले तेव्हा डॉक्टर हसतच बाहेर आला. अकरा जणी खाली उतरल्या होत्या, त्यांच्या वयाला शोभेल इतक्या. "तुमचं काम चोख होतं, बाई. अहवालात तसंच लिहितो. फक्त सात नंबर वर राहिलाय, आधीपेक्षाही वर. एखादी नळी बिघडते. सोडून देऊ."

नळ्यांवर नुसते नंबर होते. नावांची वही योनसुककडे होती, पण ती उघडायची गरजच नव्हती. सात नंबर ताईचा होता.

"नळी बिघडलेली नाही," ती म्हणाली.

"हा आकडा 'काहीतरी आहे' एवढंच म्हणतो. काय आहे ते नाही सांगत."

"तेवढं पुरे. मोठ्या इस्पितळात कुणाला भेटू ते सांगा."

त्याने नाव लिहून दिलं, स्वतः फोनही केला. मग तिने ताईला फोन लावला.

"मला काही झालेलं नाही," ताई म्हणाली. "तुझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल. चुकतं माणसाचं."

सव्वीस वर्षांत असं कुणी म्हटलं असतं तर योनसुकने त्याला उभा सोलला असता. आज तिला मनापासून वाटलं, चुकलेलंच असू दे. पण दोन्ही वेळा रक्त तिनेच काढलं होतं, पेटी तिनेच भरली होती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

"सकाळी आठला गाडी घेऊन येते. काही खाऊ नकोस, उपाशीपोटी तपासतात."



"तू रडतेयस का ग?"

"हो," योनसुक म्हणाली. "आठला तयार राहा."