दाभोळच्या खाडीकाठी अप्पांचं खापर

सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी कित्येक वर्षं एक खापर होतं. चिनी मातीचं, निळ्या नक्षीचं, तळहाताएवढं. अप्पा, म्हणजे माझे वडील, होटगीच्या शाळेत इतिहास शिकवायचे. शाळेची सहल दाभोळला नेली तेव्हा त्यांनी ते खाडीकाठी उचललं होतं. बहामनी काळातलं ते मोठं बंदर. अरबस्तानातले घोडे तिथं उतरायचे आणि घाट चढून आपल्या मुलखात यायचे, हे अप्पा हातात खापर धरून प्रत्येक वर्गाला सांगायचे. तिथं पुरातत्त्वाचं सर्वेक्षण चालू आहे असं कळलं आणि त्यांनी जाहीर केलं की आता हे जिथलं तिथं पोचवायचं. मी त्यांना गुडघ्यांची आठवण करून दिली, उन्हाची भीती घातली. ऐकतील तर शपथ!

सकाळी सहाला निघालो. कराडपर्यंत काही त्रास नाही, पुढं कुंभार्ली घाटात वळणं लई. गाडी लागणाऱ्यांनी पोटाला जरा आराम द्या. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत घेतली होती. चिपळूणला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी धोपावे गाठलं. तिथून फेरीबोट गाडीसकट खाडीपार नेते. तिकीट खिशाला जड नाही, फक्त वेळा आधी विचारून ठेवा. अप्पांनी खापर रुमालात बांधून खिशात ठेवलं होतं आणि दर दोन मिनिटांनी ते चाचपत होते.

दाभोळला काठावरच जुनी दगडी मशीद आहे. घुमट बघून मी थबकलेच. विजापूर आमच्या शेजारचं, तिथले असेच घुमट लहानपणापासून बघितलेले. इतक्या लांब समुद्राकाठी माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

सर्वेक्षण करणाऱ्या रेहाना मॅडमनी आम्हाला खापरांचे ट्रे दाखवले. इराणकडची हिरवट झिलई, चीनची निळी नक्षी आणि त्यांना खेटून आपली साधी लाल मडकी. प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईनं बारीक अक्षरात सापडल्याची जागा. एवढ्याशा तुकड्याला कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जागेवरूनच कळतं की तिथं वखार होती का घर, आणि परदेशी ताटात कोण जेवत होतं. जागा गेली की नुसता छान तुकडा उरतो.

मग त्यांनी अप्पांचं खापर उलटं केलं. मागं ठसठशीत ऑइलपेंटनं लिहिलेलं: ‘प्रदर्शन क्र. ७, इयत्ता सातवी’. जागेचा पत्ताच नाही! मला हसू फुटलं. नकाशावर ठिकाणाचं नाव नसेल तर अर्धा गुण कापणारा हा माणूस. पण अप्पांचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

“सर, नेमकं कुठं सापडलं ते सांगितलंत तर ह्या ट्रेमध्ये ठेवता येईल,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही शोधायला लागलो. सहलीत मुलांनी डबे खाल्ले होते ती जुनी विहीर सापडली. पण खापर विहिरीपाशी मिळालं होतं की मशिदीमागच्या उतारावर? अप्पा तासभर दोन्हीकडं फिरले. मला कडकडून भूक लागलेली. हळूच म्हटलं, विहीर सांगा की, कोण बघायला आलंय. कॉपी करताना पकडल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान खाली गेली माझी.

ते मॅडमकडं वळले. एरवी शुद्ध बोलणाऱ्या अप्पांच्या तोंडात गावची बोली आली. “मला आठवत न्हाय. अंदाजानं विहीर म्हटलं तर तुमची तिथली खरी खापरंबी नासतील.”

मॅडमनी ‘जागा माहीत नाही’ असं लिहून खापर वेगळ्या डब्यात ठेवलं. नंतर जेवलो. सुरमई फर्मास होती. अप्पांनी सोलकढी-भात घेतला, तोही अर्धाच.

तुम्ही जाल तर किनाऱ्यावर जरूर हिंडा, पण काही उचलू नका. सापडलंच तर जागेवरच राहू द्या आणि मॅडमसारख्या कुणाला तरी कळवा.

घरी येऊन आठवडा झाला. काल होटगीचा एक जुना विद्यार्थी आला आणि खापर कुठं गेलं म्हणून विचारायला लागला. अप्पांनी टीव्हीशेजारी खापराच्या जागी ठेवलेलं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘दाभोळ. जागा लिहून ठेवली नाही. चूक माझी.’ आणि कोपऱ्यात, लाल पेनानं, अर्धा गुण वजा.